पाच भोकांची स्टेपनी

ओमानमधल्या सोहारमध्ये गॅरेज चालवणाऱ्या माझ्या गाववाल्याने मला फसवलं. जुनी फोर-बाय-फोर मी त्याच्याकडून घेतली. दोन तास घासाघीस केली, इंजिन ऐकलं, गाडीखाली आडवा पडून गंज शोधला. सौदा ठरल्यावर सवयीने विचारलं, “वर काय देतोस?” रत्नागिरीत डझनावर दोन आंबे वर घेतल्याशिवाय मी कधी उठलो नाही. तो हसला. “घे, नवी कोरी स्टेपनी.” त्यानेच ती मागे लावली आणि कव्हर चढवलं.

आई गावाहून व्हिजिटवर आलेली. एका शुक्रवारी तिला आणि मुलीला घेऊन निझव्याहून निघालो, दुकमकडचे वाऱ्याने कोरलेले खडक बघायला. मोठा रस्ता सोडून माळावर गाडी घातली. पांढरट, सपाट रान, आणि बारीक मानेवर तोललेले घराएवढे दगड.

“पप्पा, मशरूम!” मुलगी ओरडली.

“मेलं पडत कसं नाय?” आई म्हणाली.

तिथेच मागचा टायर बसला. कव्हर काढलं. माझ्या गाडीला सहा नट, स्टेपनीला भोकं पाच.

फोनला रेंज नव्हती. आईने सकाळी इन्सुलिन घेतलेलं, वर एकच चपाती खाल्लेली. डब्यात तीन बिस्किटं उरली होती, ती तिला दिली. जुन्या गाडीचा एसी चालत नव्हता, आत भट्टी झालेली, म्हणून ती तशाच एका दगडाच्या सावलीत बसली. मी दगडाच्या मानेला हात लावला, तर बोटांना वाळू सुटून आली. तिला उठवून उन्हात बसवू, की इथेच राहू देऊ? सावली आखडत होती. आईच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. मुलगी तिला वारा घालत सारखी विचारत होती, “आजी, यू ओके?”

शेवटी उंटांचा चारा भरलेला एक पिकअप दिसला. मी शर्ट काढून हलवला. तो चालवणाऱ्या म्हाताऱ्या बेदूने, वाळवंटातल्या उंटवाल्याने, टायरकडे पाहिलंही नाही. आधी खजुराचा डबा आईपुढे धरला. चार खजूर खाल्ल्यावर तिच्या हातांची थरथर थांबली. मग तिने मला विचारलं, “तू नाय बघितलीस स्टेपनी?”

वर मिळालेला आंबा कोणी दाबून बघतं का?

बेदूच्या पिकअपमधून मोठ्या रस्त्यावर आलो. रेंज मिळाल्यावर गाववाल्याला फोन केला, तर म्हणतो, “भाई, फुकटची होती ना?”

होती. मला दुसरी स्टेपनी नको. त्याने माझ्या घरी यावं, आईसमोर बसावं आणि कव्हर चढवताना ती पाच भोकं दिसली होती की नाही, हे तिच्या तोंडावर सांगावं.