बिनबर्फाचा डबा

नासणं या विषयाचा आमच्या सरांइतका अभ्यास अख्ख्या मराठवाड्यात कोणी केला नसेल. घरी दूध फाटल्यासारखं वाटलं, तर ते सरळ ओतून देत नाहीत. दोन कपांत दूध घेतात, तिसऱ्यात साधं पाणी, आणि तिन्ही हुंगतात. पाणी कशाला, असं मी एकदा विचारलं. "पाण्यालाही वास आला, तर दोष दुधाचा नाही मियाँ, आपल्या नाकाचा."

डीएनए वाचणाऱ्या यंत्राला लागणारी नवी रसायनं तयार करणं, हे आमचं काम. ही रसायनं फार नाजूक, बर्फ वितळला की संपली. सरांना मात्र बर्फाशिवाय टिकणारं रसायन हवं होतं. कारण त्यांची थोरली बहीण, त्यांची आपा, सोयगावला दिलेली. तिच्या टीबीला कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारी तपासणी तीनदा फसली, वाटेत रसायन नासलं म्हणून. चौथ्यांदा उत्तर बरोबर आलं, पण तोवर आपा गेली होती. हे सर सांगतात तेही अहवाल वाचून दाखवल्यासारखं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात सर रसायनाच्या नळ्या स्टीलच्या डब्यात घालून एसटीनं सोयगावला जाऊन परत येत. सिल्लोडला गाडी थांबली की डबा उन्हात आणि सर सावलीत चहा पीत. कंडक्टरला राहवायचं नाही. "साहेब, खाऊन घ्या की. नासंल ना!"

"नासतं का, तेच बघायचंय."

एकदा डब्यांची अदलाबदल झाली. मेथीची भाजी आमच्या फ्रीजरमध्ये दगड होऊन बसली आणि घरी भाभींनी नळ्यांचा डबा उघडला. "इत्ते में पेट भरता क्या तुम्हारा?" सरांनी भाजीवर तारीख घातली आणि ती तीन महिने जपली.

यंदाच्या मे महिन्यात सोयगावहून परतलेलं रसायन टिकलं. सरांनी तीनदा तपासलं, शेजारी साधं पाणी भरलेली नळीही तपासली. आम्ही पेढे आणले. सरांनी एक पेढा खिशात टाकला आणि सोयगावची गाडी धरली. मला राहवेना, मीही सोबत गेलो.

"आज डबा नाय व्हय?" कंडक्टरनं विचारलं.

"आज निकाल लागला. आपाला सांगायला चाललोय."

"त्याच्यासाठी एवढ्या लांब? फोन करायचा की, साहेब."

"ती फोन उचलत नाही," सर म्हणाले.

कंडक्टरनं मान हलवली आणि आम्हाला दोन तिकिटं दिली. मांडीवर डबा नसल्यानं हात कुठं ठेवावेत, हे सरांना सोयगाव येईपर्यंत कळलं नाही.