कोठीवाले दिनानाथराव आणि टेबलावरची वस्तू

अंबरनाथच्या एका कारखान्यात दिनानाथराव अवजारांच्या कोठीवर बसत. ऐट अशी, की कोठी तीर्थरूपांनीच बांधली. नियम त्यांचा स्वतःचा: खिडकीशी येऊन वस्तूचं नाव घ्या, बोट दाखवाल तर काही मिळणार नाही. बारवीकडच्या पाड्यावरचा मजूर कान्हा एकदा पक्कड मागायला आला.

"दादा, ता तार तोडाचा द्या ना."

"ता म्हंजे कोण रे? बारशाला तुला बोलावलं नव्हतं वाटतं!"

अर्धा तास उभा केला त्याला.

पंचावन्न साली मोठ्या कोठीच्या मुख्याची जागा निघाली. जागेबरोबर दोन खोल्यांचं क्वार्टर. विठ्ठलवाडीच्या चाळीत बसून त्यांच्या पत्नी उमाकाकूंनी क्वार्टरला मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले.

निवड साहेबांच्या खोलीत. टेबलावर एक वस्तू ठेवून साहेब म्हणाले, "हे काय?"

दिनानाथराव हसले. मग हसू तसंच राहिलं.

"ही... आपली ही! तिसरी फळी, डावीकडून दुसरा खण. लोखंड घासतात. मूठ लाकडी. 'क'नं सुरू होतं साहेब... करवत! छे, करवत नव्हे. कातर! अहो, कातर कशी असेल?"

करवतीला हाकलावं तो कातर पुढं, कातरीला ढकलावं तो पुन्हा करवत. खरं नाव बिचारं मागं चेंगरलेलं. घसा खाकरून झाला, टाळू खाजवून झाली.

"साहेब, एकवार कोठीत जाऊन येऊ?"

साहेबांना गंमत वाटली असावी. "या."

वीस वर्षं तोंडानं नव्हे, हातानं नावं आठवणारा हा पंडित धोतर सावरत आवारातून धावला. खणात हात घातला मात्र, "कानस!" असा ओरडला की बाहेरचं कुत्रं उठून गेलं. परत येताना नाव सांडू नये म्हणून सारी वाट "कानस, कानस, कानस".

तोवर साहेबांनी टेबलावर हातोडा ठेवला होता.

"आणि हे?"

"कानस!" दिनानाथराव गरजले.

जागा दुसऱ्याला गेली. संध्याकाळी उमाकाकूंनी दारातच विचारलं, "काय हो, झालं का?"

"कसलं होतंय!" दिनानाथराव टोपी खुंटीला अडकवत म्हणाले. "साहेबाला अवजारांतलं ओ का ठो कळत नाही. फळीवरच्या वस्तू टेबलावर मांडून विचारतो, गाढव!"