तेवीस किलो चारशे

रहिमतपुरात आल्याचा व्यापार करणाऱ्या चांदसाहेबांच्या काट्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. आल्याला चिकटलेली माती आधी झटकायची आणि मगच तोलायचं, ही त्यांची रीत. गांजाच्या छाप्यात तोलायला माणूस हवा होता, म्हणून पोलिसांनी त्यांनाच बोलावलं. काटा गाडीत टाकून ते गेले आणि बघतात तर रान नाथाजींचं. गेली वीस वर्षं याच रानातलं आलं त्यांच्याकडे यायचं.

उसाच्या मधोमध लावलेली अकरा झाडं मुळासकट उपटून बांधावर टाकली होती. आदल्याच दिवशी पाणी दिलेलं, त्यामुळे मुळांना चिखलाचे गड्डे लोंबत होते. सत्तरीला आलेले नाथाजी खाली मान घालून बसले होते. सांधे धरले की ते चिलीम ओढतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"साहेब, माती झटकून घेऊ का?" चांदसाहेबांनी विचारलं.

"हात लावायचा नाही. मुद्देमाल आहे," फौजदार म्हणाले.

आकडा आला तेवीस किलो चारशे. नाथाजींनी मान वर केली. "चांदभाई हायत म्हंजे तोल बरूबरच असंल," ते म्हणाले. चांदसाहेबांनी पंचनाम्यावर सही केली.

चार महिन्यांनी नाथाजींच्या वकील शिवांजली दुकानात आल्या. जामीन फेटाळला गेला होता.

"वीस किलोच्या वर माल गेला की कायदा त्याला धंदा समजतो. शिक्षा निदान दहा वर्षं. खरं तर कायद्यात गांजा म्हणजे नुसते फुलोऱ्याचे शेंडे. मूळ, खोड, माती त्यात धरायची नसते."

"मग परत तोला की."

"नमुने ठेवून बाकीचं जाळून टाकलंय."

"नमुन्यावरनं किती कडक हाय ते तरी कळलं असंल?"

"गांजा आहे, एवढंच लिहून आलंय. कडक का मवाळ, कायद्याला त्याचं काही नाही. गेल्या आठवड्यात पुण्याच्या एकाला जामीन मिळाला. बंद खोलीत दिव्यांखाली वाढवलेला माल, नाथाजींच्या पाल्याच्या कितीतरी पट चढणारा. पण नऊशे ग्रॅम. किलोच्या आत, म्हणून किरकोळ. वजनात माती होती, हे तुम्ही लिहून दिलंत तर जामीन पुन्हा मागता येईल."

त्या गेल्यावर चांदसाहेब गल्ल्यावर येऊन बसले. त्यांची बायको साबेरा म्हणाली, "आवं, पोलिसांच्या इरुद्ध बोलू नगा. आपल्याला हितंच ऱ्हायचं हाय." चांदसाहेबांनी उठून आल्याचं पुढचं पोतं काट्यावर घेतलं.

साक्षीची तारीख लागेपर्यंत तीन वर्षं उलटली. मधल्या एका पावसाळ्यात नाथाजींची बायको राहीबाई गेली. अंत्यविधीसाठी बंदोबस्तात आणलेल्या नाथाजींना तासभर घरी थांबू दिलं होतं.

कोर्टात सरकारी वकिलांनी वजनाबद्दल विचारलं. ते बरोबर असल्याचं चांदसाहेबांनी सांगितलं. मग शिवांजली उठल्या.

"काट्यावर काय काय होतं?"

"झाडं, मुळं आन् ओली माती."

"माती किती असेल?"

"जलम आल्यात गेलाय माझा. चार-पाच किलो तरी व्हती."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत? सही कशी केलीत?" सरकारी वकिलांचा आवाज चढला.

"भ्यालो, साहेब."

माल वीस किलोच्या वर होता हे सिद्ध होत नाही, असं न्यायाधीशांनी निकालात लिहिलं. लागवडीबद्दल तीन वर्षांची शिक्षा दिली. तेवढी भोगून झाली होती. नाथाजी सुटले.

आठवड्यानं चांदसाहेब त्यांच्या घरी गेले. नाथाजी पडवीत बसले होते. नजर अधू झाली होती, आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"माझ्यामुळं झालं," चांदसाहेब म्हणाले.

"झाडं मी लावली व्हती. तुमी न्हाई." नाथाजी म्हणाले. "पर वकीलबाई इचारायला आलत्या तवाच खरं बोलला असता, तर राही माझ्या म्होरं गेली असती. हातात हात घिऊन."

चांदसाहेब उभेच होते. नाथाजींनी बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळानं ते भिंतीला धरून उठले आणि आत गेले.

त्यानंतर आल्याचा हंगाम आला. नाथाजींचं रान पडीकच होतं. तालुक्यात पुन्हा छापे पडले, पण पोलिसांनी तोलायला दुसऱ्या गावचा माणूस नेला.