रायभानचे चार मिलिमीटर

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला रायभानचं लेथचं दुकान आहे. पाटी नाही, कधी लागलीही नाही. तरी पार घनसावंगीकडून लोक ट्रॅक्टरचे शाफ्ट खांद्यावर टाकून येतात, कारण रायभाननं केलेलं काम परत येत नाही अशी ख्याती. बाप मेंढरांमागं फिरून गेला. यानं काठी टाकली, जालन्याच्या एका कारखान्यात झाडू मारता मारता लेथ शिकला आणि गावात मशीन आणून मांडलं. माणूस कामाला सोन्यासारखा. फक्त एक खोड होती. बत्तीस वर्षांत त्यानं 'माझं चुकलं' असं एकदाही म्हटलं नव्हतं. शाफ्ट तुटला तर लोखंड हलकं, बुश झिजला तर तुमचं ऑइल खराब. लोकांनाही ते आवडायचं. रायभान 'बराबर' म्हणाला की गिऱ्हाईक पुढचं विचारत नसे.

त्याची एकुलती एक पोर प्रांजली. अंबडच्या कॉलेजात नाव आणि सगळा जीव मातीतल्या मोटारसायकलींच्या शर्यतीत. जुन्या टू-स्ट्रोक गाडीचं इंजिन उंच सांगाड्यात बसवून बापलेकीनंच तिची गाडी केली होती. दसऱ्याला परतूरबाहेरच्या पडीक रानात शर्यत ठरली, आणि पुण्याचे टीमवाले रायडर निवडायला येणार अशी खबर आली.

"अप्पा, सरळ पट्टीला गाडी कमी पडून राह्यली," ती म्हणाली. "स्ट्रोक वाढवा."

पिस्टन खालून वर जेवढा चालतो तो स्ट्रोक. तो वाढवायचा तर क्रँकच्या दोन जाड चकत्यांमध्ये दाबून बसवलेली पिन मधल्यापासून दोन मिलिमीटर बाहेर न्यायची. पिन दोन सरकली की स्ट्रोक चार वाढतो. पिस्टन वरच्या हेडवर आदळू नये म्हणून बोअरखाली, म्हणजे सिलिंडरच्या बुडाशी, पट्टी घालायची. हे सगळं रायभानच्या डाव्या हाताचं काम. अवघड ते शेवटचं: चकत्या परत दाबल्यावर दोन्हीकडचे शाफ्ट एका रेषेत आहेत का ते डायल गेजवर बघायचं. गेजची खालची दांडी शाफ्टला टेकवून क्रँक फिरवली की काटा वाकडेपण सांगतो. क्रँक मिनिटाला आठ हजार फेरे घेते. केसभर वाकडी असली तरी बेअरिंग तापतं, इंजिन पळता पळता जाम होतं, आणि मागचं चाक जागच्या जागी आवळतं. वर बसलेल्याचं काय होतं ते सांगायला नको.

नवीन भोकं पाडण्यातच दिवस गेले आणि क्रँक जोडायला खंडेनवमी उजाडली. रायभानच्या बायकोनं, जयवंताबाईंनी, सकाळीच लेथ धुऊन पुसून झेंडूची माळ घातली. पाने, हातोड्या, गेज, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू लावलं, वरून पंचामृत शिंपडलं. दुपारी रायभाननं पाटावरून गेज उचललं.

"अहो, पूजेतलं हत्यार उद्यापस्तोर हलवायचं न्हाई," जयवंताबाई म्हणाल्या. "बापजाद्यांपासून कुणी हलवलं न्हाई."

"बापजाद्यांनी मेंढरं राखली. मेंढराला डायल लावावी लागत न्हाई."

बाई उंबऱ्यातून हलल्या नाहीत. रायभाननं गेज धोतराच्या सोग्याला पुसलं आणि क्रँकला लावलं. पहिल्या फेऱ्याला काटा थोडा सरकला. त्यानं डायल शून्यावर आणली. मग दहा फेरे दिले, काटा ढिम्म हलला नाही. एवढी सरळ क्रँक पहिल्याच दाबात आजवर जमली नव्हती. दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. रायभानला स्वतःचं कौतुक वाटलं.

"बराबर हाय," तो म्हणाला. संध्याकाळी इंजिन चढलं.

दसऱ्याला पोर पहाटेच टेंपोत गाडी घालून गेली. जेवणाआधी रायभान गेज डबीत ठेवायला गेला आणि सवयीनं अंगठ्यानं दांडी दाबली. दांडी आत गेली. बाहेर आली नाही.

त्यानं ती ओढून पाहिली. पंचामृत आत झिरपून वाळलं होतं. पहिल्या फेऱ्यात शाफ्टच्या उंचवट्यानं दांडी आत ढकलली ती तिथंच चिकटून बसली होती, आणि शून्यावर उभ्या काट्याकडं बघत हा खूश झाला होता. क्रँक किती वाकडी होती हे आता देवालाच ठाऊक. पुढं गावानं पूजा मोडली म्हणून देवाचा कोप झाला असं ठरवलं. कोपबिप काही नव्हता, मध आणि साखर होती, आणि एका माणसाची घमेंड होती.

त्यानं फोन लावला. घंटी वाजत राहिली. मग ताट तसंच सोडून त्यानं मोटारसायकल काढली. वाटेत दर दोन-तीन गावांनी थांबून फोन लावत होता.

पोहोचला तेव्हा प्रांजली पहिली फेरी जिंकून पाणी पीत होती. तिला धडधाकट बघून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अप्पा, तुमी आलात व्हय? गाडी लई पळून राह्यली. हाताला जरा मुंग्या येतेत."

"टेंपोत घाल गाडी. फायनलला जायचं न्हाई. क्रँक वाकडी हाय. माझं चुकलं."

ती थांबली. शेजारी उभा टेंपोवाला भागवत हसायला लागला. "रायभानदादाचं काम अन् वाकडं? दादा, पोरीसाठी जीव घाबरला असं म्हणा की सरळ."

"गेज अडकलं होतं. मी पाहिलंच न्हाई."

"मायनं पाठवलं ना तुमाला?" प्रांजली म्हणाली. आवाजात राग नव्हता, उलट लाड होता. "काल बराबर होतं. एका रात्रीत वाकडं झालं?"

त्यानं हँडल धरलं. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली, लहान पोराची सोडवावीत तशी. पुकारा झाला. ती गेली.

फायनलच्या चौथ्या फेऱ्याला, सरळ पट्टीवर, इंजिनच्या आवाजात एक खरखर शिरली. गर्दीला ती ऐकू आली नाही. रायभान दोरीखालून वाकून केव्हाच पळत सुटला होता. आवाज एकदम तुटला तेव्हा तो अर्ध्या रानात होता आणि गाडी हवेत होती.

दवाखान्यात प्रांजलीच्या मांडीत सळई घातली. पाय पुढं थोडा आखूडच राहिला. तिसऱ्या दिवशी ती नीट शुद्धीवर आली. रायभान खाटेशी बसला होता.

"तुमी खरं बोलून राह्यले होते," ती म्हणाली. "मला वाटलं, मायेपोटी खोटं बोलून राह्यलात."