तक्त्यातला शेवटचा रकाना

सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४, सकाळचे सव्वासात. शेजारच्या शिक्षिकाबाईंना शाळेच्या भिंतीसाठी तक्ता हवा होता: माळढोक आणि तणमोर, साम्य व भेद. मी जीवशास्त्राचा निवृत्त शिक्षक, म्हणून काम माझ्याकडे आले.

वर्गीकरण लवकर उरकले. गण एक, कुळ एक, प्रजाती वेगळ्या. माळढोक मीटरभर उंच. त्याचा नर मादीहून पुष्कळ मोठा. तणमोर कोंबडीएवढा, आणि त्याची मादीच नराहून थोराड. एकाला उघडा माळ लागतो, दुसऱ्याला उंच गवत. आज दोघेही अतिसंकटग्रस्त, म्हणजे निसर्गातून नाहीसे होण्याच्या एक पायरी अलीकडे.

शेवटचा रकाना मीच वाढवला होता: ‘सोलापुरात मला शेवटचा केव्हा दिसला’. त्यासाठी जुनी नोंदवही काढली.

माळढोकाची शेवटची नोंद बारा वर्षांपूर्वीची, नान्नजच्या माळावरची. पत्नी सोबत होती. ती वैरागकडची, शेतकऱ्याची मुलगी. गवतातून एक तपकिरी पक्षी उठला आणि दूर जाऊन बसला. मी म्हणालो, माळढोकाची मादी.

“न्हाय हो. कोंबडीएवढं तर हाय. तणमोर त्यो.”

“लांबून लहान दिसतो. माळावर झाड नाही, मापायचे कशाशी?”

“आन पंख किती भराभरा मारतंय ते? तुमी पुस्तक बघा, मी पाखरू बघते.”

मी वहीत माळढोक लिहिले. पुढे घरी पाहुणा आला की ती सांगे, “ह्यांनी कोंबडीएवढा माळढोक बघितलाय की.” 

आज नोंद पुन्हा वाचली. माझ्याच अक्षरात होते: ‘गवत कमरेएवढे. पंखांची हालचाल जलद.’ माळढोक संथ, जड पंखांनी उडतो, हे मी तीस वर्षे वर्गात शिकवले. त्या दिवशी मला माळढोक दिसायला हवा होता, एवढेच.

तिच्यासोबत असताना माळढोक म्हणून नोंदलेला पक्षी तो एकच. त्याआधीचा, पंधरा वर्षांपूर्वीचा, मी एकट्याने पाहिलेला. नंतर आम्ही पुष्कळदा गेलो. ती गेल्यावर, पाच वर्षे, मी एकटा जातो. दिसत नाही. तिचे बरोबर होते, हे तिला सांगायचे राहिले.

मग ‘माळढोक’ खोडून वर ‘तणमोर’ लिहिले. तक्त्यात भरले: माळढोक, पंधरा वर्षांपूर्वी. तणमोर, बारा वर्षांपूर्वी, ओळखला पत्नीने.

संध्याकाळी सहाला तक्ता गुंडाळला, दोरा बांधला आणि शेजारी देऊन आलो.