चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

कारखान्याच्या कँटीनमधला हा आचारी जिभेचा पक्का. झाकण उचलायचं, पळीभर रस्सा वाटीत घ्यायचा, एक घोट, की निकाल तयार: "मीठ कमी आहे." हाताखालचे लोक त्याला उस्ताद म्हणत आणि उस्तादांना ते मनापासून आवडे. या उस्तादांच्या दोन्ही किडन्यांनी ऐन उमेदीत हात टेकले. बायकोची किडनी जुळेना, भावाने पाठ फिरवली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "माझी काढा." जणू फळीवरचं पातेलं काढून द्यायचं होतं!

ऑपरेशन झालं आणि जावयाला धारेवर धरायचा हक्कच त्यांना मिळाला. त्या लेकीकडेच राहायला आल्या आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. जावई कामावरून आला की पहिला प्रश्न, "आमची किडनी कशी आहे?" ताटात सगळं आळणी. तोंड वाकडं केलंच, तर लगेच, "गिळा मुकाट्याने, जावईबापू. मीठ तुमच्या वैऱ्याला." तोही बिचारा गिळायचा.

किडनी झकास चालली होती. हट्टाला पेटलं ते ब्लडप्रेशर. गोळ्या वाढवल्या तरी खाली यायचं नाव घेईना. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "किडनी बदलली म्हणजे सुटलो असं नसतं. पुढचा मोठा धोका हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना. प्रेशर असंच राहिलं तर हृदय थकेल आणि ही किडनीही जाईल. कदाचित नव्या किडनीची रक्तवाहिनी अरुंद झाली असेल. तपासून घेऊ."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी नेमकं शेवटचं तेवढं ऐकलं.

त्या दिवसापासून घरात त्यांचा आवाज येईना. किडनीची चौकशी बंद, टोमणे बंद. दोन घास खाऊन ताट बाजूला सारायच्या. आचाऱ्याला वाटलं, आपल्यावर रुसल्यात. त्याला स्वतःच्या हृदयाची धास्ती होतीच, त्यात ही भर. शेवटी बायकोने त्याला गॅलरीत गाठून सांगितलं, "आई रडत असते. म्हणते, माझ्या म्हाताऱ्या नळ्या त्यांच्या पोटात घातल्या. त्यांना काही झालं तर ते माझ्यामुळेच."

तो मनात म्हणाला, या बाईने आपला अवयव काढून दिला, आणि वर अपराधीही तीच?

तपासण्यांचा निकाल ऐकायला तो सासूबाईंना घेऊनच गेला. डॉक्टरांनी चष्मा वर ढकलला. "रक्तवाहिनी अगदी मोकळी आहे. किडनी उत्तम. हृदयाची भिंत किंचित जाड झालीय, पण प्रेशर ताब्यात आलं तर ते निभावेल. प्रश्न वेगळाच आहे. लघवीत मीठ भरपूर निघालंय. कुठून येतं?"

"घरात तर चिमूटभर घालत नाही मी!" सासूबाई उसळल्या.

"मी आळणीच खातो, शप्पथ," आचारी म्हणाला, आणि ते खरंही होतं.

"काम काय करता?"

"कँटीनला आचारी."

"मग पदार्थांची चव कोण बघतं?"

"मीच की! पातेल्यापातेल्याची, दोन-दोनदा. पण डॉक्टर, ते खाणं नव्हे. ती चव."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पोटाला तो फरक कळत नाही हो."

आचाऱ्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. आता तोफ कडाडणार म्हणून त्याने मान खाली घातली. पण बाहेर येताच सासूबाई बाकावर मटकन बसल्या. "म्हणजे माझी किडनी चांगली होती," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, लेकीचं घर मीच बुडवलं." आणि घळाघळा रडल्या. तो त्यांच्या शेजारी टेकला. "चांगली नाही, आई, एक नंबर आहे. मूर्ख मी आहे." उद्यापासून चव भाजी चिरणाऱ्या काकूंनी बघायची, हे त्याने तिथेच जाहीर केलं.

डोळे पुसून सासूबाई म्हणाल्या, "भूक लागलीय हो मला."

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने गरम सूप आणलं. त्यांनी अधाशासारखे दोन चमचे घेतले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काहीतरी कमी आहे बाई यात."

"बघू?" म्हणत त्याने चमचा उचलला.

सासूबाईंनी त्याच्या हातावर अशी सणसणीत चापट मारली की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. जावई हात चोळत हसत होता आणि सासूबाई वाटी छातीशी धरून सूप संपवत होत्या.