आईच्या नावाची टाकी

भांड्यावर मेलेल्या माणसाचं नाव घातलं की ते भांडं मोडीत जात नाही. कळशी असो, घागर असो, चेपली तर ठोकून घ्यायची, गळायला लागली तर डाख लावून घ्यायचा, पण वापरात ठेवायची. आईचं नाव भंगारवाल्याच्या तराजूत घालणारा मुलगा आमच्या भागात तोंड दाखवू शकत नाही. ऐकायला किती छान वाटतं! मलाही वाटायचं.

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या ज्या गोडाऊनमध्ये मी कामाला होते, त्याची जमीन एका शेठची. पूर्वी तिथे त्याच्या आईने भात लावला, कापला. शेतावरून जाणाऱ्या कुणालाही ती पाणी विचारल्याशिवाय सोडत नसे म्हणे. जागा कंपनीला भाड्याने दिली तेव्हा शेठने आईच्या स्मरणार्थ तांब्याची मोठी टाकी दिली. माझ्या कमरेएवढी, पितळी नळाची, पोटावर कोरलेलं नाव. ती दाराशीच ठेवली होती. पॅकिंगच्या बायका, लोडर, ट्रकचे ड्रायव्हर, आवक माल कॉम्प्युटरवर चढवणारी मी, सगळे तिथेच पाणी प्यायचो, साखळीला बांधलेल्या एकाच पेल्याने. केबिनमधल्या साहेबांना मात्र सीलबंद जार यायचे. साहेबांचं पोट नाजूक असतं आणि लोडरचं नसतं, असा कुठेतरी कायदा झालेला असावा.

त्या एका पेल्याचं माझ्या आप्पांना फार अप्रूप होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर भिवंडीत लूम चालवले, त्या खडखडाटाने कान गेले. लहानपणी गावाला त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. विहिरीला हात लावलेला चालत नसे. पाण्यासाठी आमच्या माणसांनी काय सोसलं, हे आमच्या घरात पुस्तकात वाचावं लागत नाही. म्हणून मी जेव्हा आप्पांना ओरडून सांगितलं की शेठच्या आईच्या टाकीतून आम्ही सगळे एकाच पेल्याने पितो, तेव्हा त्यांनी ते गल्लीभर सांगितलं. मलाही त्या टाकीबद्दल माया होती.

मग एका वर्षी ती बुडाशी पाझरायला लागली. मॅनेजर साहेब म्हणाले, प्लास्टिकची ठेवू. शेठला ते लागलं. त्याने टाकी पिकअपमध्ये घातली आणि पडघ्याला नेली, हायवेवर ट्रकचे रेडिएटर जोडणाऱ्याकडे. तांबट शोधत कोण हिंडणार? रेडिएटरही तांब्याचा, टाकीही तांब्याची, जोडणाऱ्याने जोडली. टाकी परत आली, नारळ फुटला, पेढे वाटले. मी आत वाकून पाहिलं तर सांध्यावरून जाड, चकचकीत रेघ फिरलेली. पॅकिंगमधली माझी मैत्रीण म्हणाली, "शेठनी चांदी लावलीय गो आतून!" आम्ही हसलो.

ती चांदी म्हणजे शिसं होतं. रेडिएटरच्या डाखात शिसं असतं, आणि रेडिएटरमधलं पाणी कोणी पीत नाही, त्यामुळे त्या माणसाचंही काही चुकलं नव्हतं. कोणाचंच काही चुकलं नव्हतं, हीच तर सगळी गंमत आहे. साफसफाईच्या मावशी दर शनिवारी टाकी आतून चिंच-मिठाने घासायच्या. शेठची तशी ताकीदच होती, आईचं भांडं काळं पडता कामा नये. तांबं उजळायचं आणि ती रेघही उजळायची. आंबटाने शिसं सुटतं आणि रात्रभर साठलेल्या पाण्यात उतरत राहतं, हे मला फार नंतर कळलं.

तेवढ्यात मला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात कौतुकाला सीमा नव्हती. चहाच्या वासानेच मळमळायचं, आणि डोहाळे लागले ते कॉफीचे. केबिनमध्ये कॉफीचं मशीन होतं. मी ऑफिसच्या कामाची म्हणून मलाही तिथला कप मिळायचा. एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. वर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, भरपूर पाणी प्या. मी आज्ञाधारक, पीत राहिले.

सहाव्या महिन्यात पोटात कळा यायला लागल्या. लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढेना, डोकं सतत धरलेलं. डॉक्टरीणबाईंना शंका आली. घरी कोणी बॅटरीचं काम करतं का, रंगाचं करतं का, असं काय काय विचारलं आणि रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. रक्तात शिसं निघालं, नको तेवढं. त्या म्हणाल्या, "तुमच्यातून बाळात जातं हे. आधी कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा." मी पोटावर हात ठेवून ऐकत होते. घरात स्टीलची भांडी, ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी. घरात दुसऱ्या कोणालाच काही नव्हतं. मग मला ती चांदी आठवली.

दुसऱ्याच दिवशी साहेबांना सांगितलं. साहेब हसले. "मॅडम, कायपण काय? शिसं बॅटरीत असतं. तांब्याच्या पाण्याने उलट जंतू मरतात. माझी मिसेस रोज रात्री तांब्यात पाणी भरून ठेवते." मी म्हटलं, निदान पाणी तपासा. तर म्हणाले, "लोकांना कळलं तर पॅनिक होईल. दिवाळीचा सेल तोंडावर आहे." मी घरून बाटली आणायला लागले आणि पॅकिंगच्या बायकांना सांगत सुटले. त्या ऐकून घ्यायच्या, हळहळायच्या आणि तहान लागली की टाकीकडेच जायच्या. उभ्याने बारा तास काम केल्यावर घरून आणलेली एक बाटली कुठे पुरते?

शेवटी सकाळी कोणी यायच्या आत टाकीच्या नळाखाली बाटली भरली आणि स्वतः लॅबमध्ये दिली. पाण्यात शिसं आहे, पिण्यालायक नाही, असा रिपोर्ट आला. तो घेऊन केबिनमध्ये गेले. साहेबांनी उलटसुलट पाहिला. "ही बाटली आपल्या टाकीचीच कशावरून?" असं म्हणून त्यांनी कॉफीचा घोट घेतला.

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या हातातली कॉफी पण त्याच टाकीची आहे. भरताना मी पाहिलंय."

"मशीनला जारचं पाणी जातं," साहेब म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मावशींना हाक मारली.

मावशींना वाटलं, कामाचं कौतुक होणार. त्या पदर खोचत म्हणाल्या, "जार मना उचलत न्हाय, साहेब. कंबर धरतंय. मी पयल्यापासून टाकीतलाच भरतंय ना. चांगला तांब्याचा पानी हाय."

साहेबांनी कप टेबलावर ठेवला. मग एका बोटाने तो लांब सरकवला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

इतके दिवस ज्या पाण्याला काही झालेलं नव्हतं, त्याला तासाभरात सगळं झालं. शिफ्ट सुटायच्या आत टाकी उचलून गेटबाहेर गेली. केबिनमधल्या सगळ्यांचं रक्त कंपनीच्या खर्चाने तपासायला गेलं. पॅकिंगच्या बायकांचं आणि लोडरांचं गेलं नाही, कारण ते कंत्राटी. मावशींना कामावरून काढलं. कामगारांचं पाणी साहेबांना पाजलं, हा त्यांचा गुन्हा. कामगारांना ते पाणी पाजणं हा गुन्हा असल्याचं कोणी म्हटल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मी बाळंतपणाला गेले ती गेलेच. परत बोलावणं आलं नाही.

मुलगी झाली. गोरी, गुटगुटीत, हसरी. वर्षाची झाली तरी बोलेना, दोन वर्षांची झाली तरी बोलेना. बोट दाखवायची, आँ आँ करायची, हाक मारली की कधी बघायची, कधी नाही. नातेवाईक म्हणायचे, काही मुलं उशिराच बोलतात, आणि प्रत्येकाकडे असा एक चुलतभाऊ असायचाच जो पाच वर्षांचा होईपर्यंत मुका होता आणि आता वकील आहे. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, शिशामुळेच ना? त्या म्हणाल्या, छातीठोकपणे सांगता येत नाही. शिशाने असं होऊ शकतं, शिशाशिवायही होऊ शकतं. माझ्या वाट्याला ही अशी शिक्षा आली आहे, की कोणावर ओरडायचं तेही मला नक्की सांगता येत नाही. मी रात्रंदिवस मनातल्या मनात सगळ्यांवर ओरडते.

तीन वर्षांची झाल्यावर डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, मुलांमध्ये घाला, मुलांचं ऐकून बोलेल. म्हणून मी तिला गावातल्या अंगणवाडीत घेऊन गेले. तेवढी एकच आशा होती. दाराशी पाट मांडलेला, पाटावर झेंडूचा हार घातलेली तांब्याची टाकी. पोटावर तेच नाव. आईच्या पुण्यतिथीला शेठने ती अंगणवाडीला दिली होती. लेकरं पेला भरून भरून पीत होती.

मी तशीच शेठकडे गेले. शेठ वाईट माणूस नाही. त्याने मला बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरी, कंपनीवाल्यांना कटकट पायजे. मी सोता पडघ्याशी नवीन डाख मारून आनलाय. माझे आईचा नाव हाय त्यावं. ता काय भंगारात टाकू?" मग म्हणाला, मी पण त्यातलंच पाणी प्यायलोय, मला काय झालं? यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला तो थांबला नाही. पंचायतीत गेले. तिथे त्याचाच पुतण्या बसतो. टाकी फोडून टाकावी असंही मनात आलं. पण फोडली तर ती पुन्हा पडघ्याला जाणार, पुन्हा तीच चांदी लागणार.

अंगणवाडीच्या दारात उभी राहून मी आयांना सांगायला लागले, पोरांना बाटली द्या, हे पाणी पाजू नका. दोघीतिघींनी ऐकलं. बाकीच्यांत कुजबुज झाली ती मला ऐकू यावी अशीच झाली, "आता ही आमचे पान्याचा विटाळ मानते."

विटाळ. मी मानते. हसावं की रडावं ते कळेना.

मुलीला घरी बसवून चालणार नव्हतं. म्हणून रोज सकाळी गळ्यात बाटली अडकवताना तिच्यासमोर बसायचं, टाकीचं चित्र काढून दाखवायचं आणि एकच गोष्ट घोकून घ्यायची. तिचा हात धरून मागे ओढायचा, मान हलवायची, पुन्हा सांगायचं. आप्पा कोपऱ्यात खुर्चीवर बसून नातीकडे बघत असायचे. मी काय बोलते ते त्यांना ऐकू जात नसे.

आणि परवा ती बोलली. चित्रावर बोट ठेवलं, ते झटकन मागे घेतलं आणि शब्दाला शब्द जोडून, अगदी स्वच्छ, आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलली. तिचे ओठ हललेले बघून आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. डोळे भरून आले होते त्यांचे. "बोलली! माझी बाय बोलली! काय म्हणाली ती, काय म्हणाली?"

मी त्यांच्या कानाशी गेले आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "त्या पाण्याला हात लावायचा नाही."